धूर, वास आणि घर

जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिल ज्यांनी आतून पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. भट्टीतून लोखंड बाहेर येतं ते लालबुंद असतं. जवळ उभं राहवत नाही. पण त्या लोखंडाला स्वतःचा धूर नसतो.

तर्कशास्त्र शिकवताना मला याचा फार उपयोग झाला. न्यायदर्शनातलं अनुमानाचं नेहमीचं उदाहरण आहे डोंगरावरच्या धुराचं: धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे. दृष्टांत कुठला देतात? स्वयंपाकघराचा. आणि उलटं का म्हणता येत नाही, म्हणजे जिथे अग्नी तिथे धूर असतोच असं का नाही, हे सांगायला तापलेल्या लोखंडाचा गोळा घेतात. धुराला ओलं सरपण लागतं, असंही नैयायिक सांगतात. आता पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या फुंकणाऱ्या बाईला हे सांगायला नैयायिक कशाला हवा! असो. घरातल्या आगीचा इतिहास मला असा दिसतो की आपलं स्वयंपाकघर हळूहळू त्या लोखंडाच्या गोळ्यासारखं होत गेलं. आग राहिली, धूर गेला.

भोकरदन, अंबड, परतूरकडची जुनी घरं आठवा. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काटक्या आणि त्यावर हातभर मातीचं माळवद. अशा छतावर ठिणगी पडली तरी ती विझून जायची. गवता-पाचटाच्या छपरांचं तसं नव्हतं. एक पेटलं की वाऱ्याबरोबर ओळ जायची. गरिबाचं घर जळायचं, मातीचं टिकायचं. श्रीमंतांनाही सूट नव्हती म्हणा. पुण्याचा शनिवारवाडा 1732 साली उभा राहिला आणि 1828च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत त्याचे सागवानी मजले जळून गेले. आज आपण पाहतो ते दगडी जोतं आणि तट.

पण माळवदाची कथा तिथे संपत नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हीच जड छतं आणि दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. हजारो माणसं गेली. ज्या मातीनं आगीपासून राखलं, तिनंच गाडलं. एका संकटावरचं उत्तर दुसऱ्या संकटाचं कारण होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. समजलं त्या दिवशी.

त्या घरात विस्तव डोळ्यांसमोर असायचा. माझी आई रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायची आणि सकाळी फुंकून जागे करायची. एखाद्या घरचा विस्तव विझलाच तर शेजारून मागून आणायचा. धुरानं त्या बायकांचे डोळे आणि छाती खराब झाली, तेव्हा त्याचं कौतुक मी करणार नाही. एवढंच की आग कुठे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असे.

मग रॉकेल आलं. चिमणी, कंदील आणि पंपाचा स्टोव्ह. हा स्टोव्ह मूळचा स्वीडनचा, 1892 सालचा. काजळीविना निळी ज्योत. इथून इतिहासाला एक काळं वळण लागतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातली वर्तमानपत्रं काढून पाहा: 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. काही अपघात खरेच होते. पिन मारताना, पंप जास्त झाला म्हणून, नायलॉनच्या साडीमुळे. पण स्त्रियांच्या संघटनांनी साधा प्रश्न विचारला: स्टोव्ह नेहमी सुनेच्याच अंगावर कसा भडकतो, सासूच्या का नाही? 1983 साली दंडसंहितेत 498-अ कलम आलं. 1986 साली हुंडाबळीचं 304-ब आलं आणि त्याबरोबर पुरावा कायद्यात 113-ब. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्री भाजून किंवा अन्य अनैसर्गिक रीतीनं मेली, आणि मृत्यूच्या थोडं आधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचं दाखवता आलं, तर न्यायालयानं हुंडाबळी गृहीत धरायचा. तर्काच्या अंगानं पाहा: इतके दिवस जळालेल्या देहावरून 'अपघात' हे अनुमान आपोआप निघत होतं. कायद्यानं ते अनुमानच उलटं फिरवलं. घरातल्या आगीबद्दल बोलताना हा भाग गाळून फक्त 'काळजी घ्या' म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं.

आता गॅस. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात रंग नाही, वास नाही. जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. याच्यामागे एक शोकांतिका आहे. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेखाली नैसर्गिक वायू साचला. वास नव्हता, कुणाला कळलं नाही. एक ठिणगी पडली आणि सुमारे तीनशे माणसं, बहुतेक मुलं, गेली. त्यानंतर तिथे वायूला वास देणं सक्तीचं झालं. धूर गेला म्हणून माणसानं नवा 'हेतू' तयार केला, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

पण खूण ओळखून पुढे करायचं काय? वास आला की आपला हात सवयीनं दिव्याच्या बटनाकडे जातो. नेमकं तेच करायचं नाही. बटन लावायचंही नाही आणि चालू असेल तर बंदही करायचं नाही. दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि 1906ला फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत साचतो. म्हणून नुसती वरची खिडकी पुरत नाही, दार उघडावं लागतं.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे, कापूस. भाव येईल म्हणून शेतकरी तो राहत्या घरात रचून ठेवतो. एका खोलीत कापूस, पलीकडे गॅस, मधून लोंबणारी वायर. कापसात ठिणगी आत शिरली की ती धुमसत राहते. वरून काही दिसत नाही आणि धूर दिसतो तोवर उशीर झालेला असतो. भाव मिळेपर्यंत त्यानं कापूस ठेवायचा कुठे, याचं उत्तर त्याला 'सावध राहा' म्हणणाऱ्यांकडे नाही, माझ्याकडेही नाही. निदान त्या खोलीत वायरचा जोड नको, बिडी नको.

सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि आकडा असतो. ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, पुढे साल. त्या मुदतीनंतर त्याची चाचणी व्हायला हवी. रबरी नळीवरही तारीख छापलेली असते. पाच वर्षांत ती बदलायची. या व्याख्यानाची तयारी करताना मी आमच्या घरची नळी प्रथमच वाकून पाहिली. मुदत केव्हाच उलटली होती. चाळीस वर्षं अनुमान शिकवलं मी. नळी दुसऱ्या दिवशी बदलली. आता कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ या.