कसब कोणी मान्य करायचे? युद्धोत्तर ऑस्ट्रेलिया आणि परदेशी कारागिरांचे दाखले

१/
२८ नोव्हेंबर १९४७. 'जनरल स्टुअर्ट हाइन्ट्झेलमन' हे जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदराला लागले. जहाजावर लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया या देशांतील ८४३ निर्वासित होते. त्यांच्यात शिकलेले लोक होते, तसेच हाती हुन्नर असलेलेही होते. परंतु नव्या देशात त्यांतील बहुतेकांची नोंद दोनच शब्दांत होणार होती. पुरुष असेल तर 'मजूर', स्त्री असेल तर 'घरकामगार'. असे का झाले, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/
दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटलीतील छावण्यांमध्ये लाखो विस्थापित अडकून पडले होते. त्यांचे मायदेश सोव्हिएत सत्तेखाली गेल्याने अनेकांना परतणे शक्य नव्हते. जुलै १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे स्थलांतरमंत्री आर्थर कॅलवेल यांनी आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेशी करार केला. त्यानुसार पुढील काही वर्षांत सुमारे १,७०,००० निर्वासित ऑस्ट्रेलियात आले.

३/
यामागे भूतदया होती, तशी गरजही होती. देशात घरांचा तुटवडा होता; रेल्वे, वीजप्रकल्प, कारखाने आणि उसाचे मळे यांना माणसे हवी होती. म्हणून येणाऱ्याकडून करार लिहून घेतला जाई. सरकार पाठवील तेथे आणि देईल ते काम करायचे. हे बंधन साधारणतः दोन वर्षांचे असे. मायदेशी तुम्ही काय होता, हा प्रश्न करारापुढे गौण होता.

४/
व्हिक्टोरिया राज्यातील बोनेगिला येथील जुन्या लष्करी छावणीत या लोकांना प्रथम ठेवले जाई. तेथे इंग्रजीचे प्राथमिक धडे मिळत आणि तेथूनच कामाची वाटणी होई. १९४७ ते १९७१ या काळात ३ लाखांहून अधिक स्थलांतरित या छावणीतून गेले.

५/
करार संपल्यावर खरा प्रश्न उभा राही. समजा, एखादा माणूस युद्धापूर्वी फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होता. आता त्याला आपल्या मूळ कामावर परतायचे आहे. पण पुरावा कोठून आणायचा? दाखले युद्धात जळालेले, हरवलेले किंवा सीमेपलीकडे राहिलेले. आणि जवळ असले, तरी ते परक्या भाषेत व परक्या पद्धतीच्या प्रशिक्षणाचे. ते ग्राह्य धरायचे की नाही, हे ठरवणार कोण?

६/
याचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ऑस्ट्रेलियात कुशल कारागीर होण्याचा रूढ मार्ग म्हणजे साधारण पाच वर्षांची शिकाऊ उमेदवारी. युद्धकाळात शस्त्रनिर्मितीसाठी इतके कारागीर मिळेनात. तेव्हा कामगार संघटनांनी तडजोड स्वीकारली. उमेदवारी न केलेल्यांनाही कुशल कामावर घ्यावे, मात्र युद्ध संपल्यावर जुन्या कारागिरांचे हक्क अबाधित राहावेत.

७/
या आश्वासनाला कायद्याचे रूप मिळाले ते १९४६ च्या 'ट्रेड्समेन्स राइट्स रेग्युलेशन ॲक्ट'मुळे. इंजिनिअरिंग, बॉयलर बांधणी, लोहारकाम, वीजकाम, पत्राकाम अशा व्यवसायांत 'मान्यताप्राप्त कारागीर' कोण, हे ठरवण्यासाठी स्थानिक समित्या नेमण्यात आल्या. त्यांत सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिघांचे प्रतिनिधी असत.

८/
येथे एक बाब ध्यानात घ्यावी. हा कायदा स्थलांतरितांसाठी केलेला नव्हता. युद्धाने कारखान्यात आणलेल्या नवख्यांपासून स्थानिक कारागिराचे संरक्षण, हा त्याचा हेतू. पण युरोपातून माणसे येऊ लागल्यावर त्यांचे कसब पारखण्याचे काम याच समित्यांकडे आले. म्हणजे जो दरवाजा बंद ठेवण्यासाठी बसवला होता, त्यातूनच परदेशी कारागिराला आत यायचे होते.

९/
संघटनांची भीती निराधार नव्हती. अर्धवट शिकलेले लोक स्वस्तात कामाला मिळाले की साऱ्यांचीच मजुरी घसरते, हा त्यांचा अनुभव होता. पण यातून एक अनपेक्षित लाभही झाला. संघटना स्वतःच निर्णयात सहभागी असल्याने, समितीने एकदा मान्य केलेल्या परदेशी कारागिराला कारखान्यात नाकारणे अवघड झाले. दाखला हाती आला की त्याला कुशल कामगाराचे काम आणि वेतन मागता येई.

१०/
आता डॉक्टरांकडे पाहा. त्यांच्या बाबतीत निर्णय प्रत्येक राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे होता आणि त्या मंडळांवर त्याच व्यवसायातील माणसे असत. युरोपातील नामांकित विद्यापीठांचे पदवीधर असलेल्या अनेक निर्वासित डॉक्टरांना नोंदणी नाकारली गेली. पुन्हा वैद्यकीय महाविद्यालयात बसून शेवटची काही वर्षे शिका, असे त्यांना सांगण्यात आले. चाळिशी ओलांडलेल्या, कुटुंब पोसणाऱ्या माणसाला हे कसे परवडावे? कित्येकांनी मजुरी केली, कित्येक रुग्णालयांत मदतनीस झाले.

११/
याच कथेतील एक विसंगती विलक्षण आहे. त्या काळी पापुआ-न्यू गिनीचा कारभार ऑस्ट्रेलियाकडे होता आणि तेथे डॉक्टरांची तीव्र टंचाई होती. आरोग्य संचालक जॉन गंथर यांनी याच नोंदणी नाकारलेल्या डॉक्टरांना तेथे नेमले. सिडनीतील रुग्णाला हात लावण्यास जो अपात्र, तोच न्यू गिनीच्या डोंगराळ मुलुखात अख्ख्या जिल्ह्याचा डॉक्टर होऊ शकत होता. त्याचे ज्ञान दोन्हीकडे एकच होते. फरक होता तो रुग्ण कोण याचा.

१२/
आणि आशियाई माणसाचे काय? त्याच्या बाबतीत कसबाचा प्रश्न पुढे येतच नसे. १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्यापासून चालत आलेल्या 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरणाने त्याला आधीच अडवले होते. १९६६ मध्ये नियम सैल झाले आणि पात्रता असलेल्या बिगर-युरोपीय लोकांचे अर्ज विचारात घेतले जाऊ लागले. १९७३ मध्ये वंशावर आधारलेले निकष अधिकृतपणे रद्द झाले.

१३/
१९६९ मध्ये परदेशी व्यावसायिक पदव्यांचा अभ्यास करण्यासाठी ऑस्ट्रेलियाने स्वतंत्र समिती नेमली. कोणत्या देशातील कोणते शिक्षण आपल्याकडील कशाच्या तोडीचे, हे पद्धतशीर तपासण्यास सुरुवात झाली. निर्वासितांचे पहिले जहाज येऊन तोवर २२ वर्षे लोटली होती.

१४/
आता आपल्याकडे येऊ. भारतात कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० मध्ये सुरू झाली. तीच आपल्या ओळखीची आयटीआय. १९५६ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली आणि तिचे प्रमाणपत्र देशभर चालू लागले. आज महाराष्ट्रातील आयटीआयमधून निघालेला फिटर किंवा वेल्डर ऑस्ट्रेलियात जाऊ पाहतो, तेव्हा त्याची गाठ 'ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया' या सरकारी यंत्रणेशी पडते. तिची मुळे १९४६ च्या त्या समित्यांमध्ये आहेत.

१५/
तेथे केवळ प्रमाणपत्र पुरत नाही. प्रत्यक्ष काम केल्याचे दाखले आणि पगाराचे पुरावे द्यावे लागतात. अनेक व्यवसायांत तांत्रिक मुलाखत किंवा प्रात्यक्षिक द्यावे लागते. इलेक्ट्रिशियनला त्यानंतर त्या राज्याचा परवानाही मिळवावा लागतो. नोंद न ठेवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये दहा वर्षे राबलेला उत्तम कारागीर येथेच अडतो. १९४७ च्या निर्वासिताचे कागद युद्धात गेले; याचे कागद कधी तयारच झाले नाहीत.

१६/
या इतिहासाकडे पाहताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. माणसाला काम येते का, हा एक. आणि ते येते असे म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तासाभराच्या प्रात्यक्षिकातही मिळू शकते. दुसऱ्याचे उत्तर मजुरी, व्यावसायिकांची मक्तेदारी, वंशभेद आणि त्या-त्या वेळची टंचाई यांनी ठरत आले आहे.

१७/
आपल्या घरातील वा गावातील कोणी आखातात, आफ्रिकेत किंवा आणखी कोठे कारागीर म्हणून गेले असतील, तर त्यांना अवश्य विचारा. जाताना कोणते दाखले नेले होते? तिथे परीक्षा कोणी घेतली? पहिली नोकरी मूळ कामाचीच मिळाली का? या आठवणी ग्रंथांत क्वचितच सापडतात. त्या लिहून ठेवा आणि जमल्यास येथे खाली नोंदवा.