संगतीची संहिता : स्टील गिटारचे रसिक आणि दूरचित्रवाणीवरील मानवंदना

१

लोकप्रिय संगीताच्या इतिहासाची मांडणी बहुधा गायकाच्या नावाने केली जाते. गीत गायकाचे, ध्वनिमुद्रिका गायकाची आणि कालखंडही गायकांच्या कारकिर्दीवरून पाडलेले, असा हा परिपाठ आहे. साथीदाराचा उल्लेख झालाच, तर तो तळटीपेत होतो. अमेरिकेतील कंट्री संगीताच्या श्रोत्यांमध्ये मात्र संख्येने लहान, पण कमालीचा जागरूक असा एक वर्ग आहे, जो ही मांडणी मुळातच मान्य करीत नाही. हा वर्ग स्टील गिटारच्या रसिकांचा. त्यातील पुष्कळजण स्वतः हे वाद्य वाजवणारे असतात. त्यामुळे 'सहृदय' या संस्कृत काव्यशास्त्रातील संज्ञेला अभिप्रेत असलेली अभ्यासाने तयार झालेली ग्रहणशक्ती त्यांच्या ठिकाणी शब्दशः आढळते.

दिवंगत अथवा वयोवृद्ध गायकाला दूरचित्रवाणीवरून दिली जाणारी मानवंदना हा या रसिकतेच्या कसोटीचा प्रसंग असतो. अशा कार्यक्रमाचे संकेत ठरून गेलेले आहेत. आजचे लोकप्रिय गायक क्रमाने येऊन मूळ गायकाचे एकेक गीत सादर करतात, मधूनमधून जुनी चित्रफीत दाखवली जाते, सभागृह उठून उभे राहते. सर्वसाधारण प्रेक्षकाच्या दृष्टीने कार्यक्रमाचा आशय येथे संपतो. स्टील गिटारच्या रसिकाचे लक्ष मात्र निराळ्याच प्रश्नांकडे असते. स्टीलवर कोण बसले आहे? आरंभीची सुरावट मूळ ध्वनिमुद्रणाप्रमाणे आली की बदलली? दोन कडव्यांमधली वाद्याची जागा स्टीलला मिळाली की इलेक्ट्रिक गिटारने घेतली? आणि ती स्टीलला मिळालीच असेल, तर त्या क्षणी कॅमेरा वादकाच्या हातांवर होता की गायकाच्या चेहऱ्यावर? या प्रश्नांतून उमटणारी दाद आणि तक्रार ही एक तर छांदिष्टांची चिकित्सा किंवा गतकाळाविषयीची हळहळ म्हणून सोडून दिली जाते. वस्तुतः तो समीक्षेचाच एक प्रकार आहे. 'हे गीत कोणाचे?' हा कर्तृत्वाचा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. मात्र याच समीक्षेत एक अंतर्विरोधही दडलेला आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय तिचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

२

स्टील गिटार हे नाव वाद्याच्या धातूवरून आलेले नाही. डाव्या हातात धरून तारांवरून सरकवल्या जाणाऱ्या पोलादी दांडीवरून ते आले आहे. बोटाने तार पडद्यावर दाबली की स्वर निश्चित होतो. दांडीने मात्र दोन स्वरांमधील सारा प्रवास ऐकू येतो. भारतीय श्रोत्याला 'मींड' म्हणून परिचित असलेला हा गुणधर्म आहे. पुढे या वाद्याला पायाने दाबायच्या पट्ट्या जोडण्यात आल्या. त्या आधी प्रामुख्याने सुरावटीची जुळणी बदलण्यासाठी वापरल्या जात. १९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गीतात बड आयझॅक्सने तारा निनादत असतानाच पट्टी दाबली. एक स्वर जागेवर स्थिर, आणि त्याच्या शेजारचा चढत जाऊन नव्या स्वरसंगतीत विसावणारा, असा तो ध्वनी होता. केवळ दांडीने तो साधला नसता. अल्पावधीतच इतर वादक आपापल्या वाद्यांना पट्ट्या बसवू लागले. बडी एमन्सने १९६२ साली वाद्याच्या तारांच्या रचनेत दोन तारांची भर घातली आणि आजच्या पेडल स्टीलच्या भाषेला बव्हंशी स्थिर रूप आले.

या तांत्रिक इतिहासाचा समीक्षेशी संबंध असा की, या वाद्याची सुरावट अनेकदा गीताची ओळख होऊन बसते. हँक विल्यम्सचे 'युअर चीटिन हार्ट' (ध्वनिमुद्रण १९५२) शब्द सुरू होण्यापूर्वीच ओळखता येते, ते डॉन हेल्म्सच्या आरंभीच्या सुरावटीमुळे. हेल्म्सचे वाद्य पट्ट्यांविना होते. त्याचे वादन उंच स्वरांत चाले, त्यामुळे गायकाचा आवाज झाकोळला जात नसे. म्हणजेच ही संगत गायकाच्या मागून चालणारी नव्हती; त्याच्यासाठी अवकाश निर्माण करणारी होती. तथापि या निर्मितीची नोंद गीताच्या कर्तृत्वात होत नाही. गीत कागदोपत्री गीतकार-संगीतकाराचे असते. स्टुडिओतील वादकाला सत्रामागे ठराविक मोबदला मिळतो, आणि १९५०-६० च्या दशकांतील ध्वनिमुद्रिकांवर त्याचे नावही सहसा छापले जात नसे.

अशा परिस्थितीत वादकाचे श्रेय टिकवून धरण्याचे काम रसिकांच्या कानांनी केले. केवळ स्वर लावण्याच्या ढबीवरून वादक ओळखणे, कोणत्या ध्वनिमुद्रणात कोण वाजवत होता याचा माग काढणे आणि ती माहिती पुढच्या पिढीच्या हाती देणे, हे त्यांचे कार्य एखाद्या अनाम हस्तलिखिताचे कर्तृत्व शैलीवरून निश्चित करणाऱ्या संशोधकाच्या कार्याहून वेगळे नाही. स्टॅन्ली फिशने ज्याला अर्थनिर्णायक समुदाय म्हटले, त्याचे हे नमुनेदार उदाहरण ठरावे. या समुदायापुरती गीताची संहिता म्हणजे शब्द आणि चाल एवढेच नसते. ध्वनिमुद्रणातील प्रत्येक वाद्यवाक्य हे त्या संहितेतील पाठ असते. मानवंदनेच्या कार्यक्रमात तो पाठ गाळला गेला, तर त्यांच्या लेखी तो पाठभेद नसून पाठभ्रंश असतो.

३

दोन प्रक्षेपणांच्या आधारे हे अधिक स्पष्ट करता येईल. पहिले २२ सप्टेंबर १९९९ चे, कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कार सोहळ्याचे. त्या वर्षी मार्चमध्ये जॉर्ज जोन्स मोटार अपघातात गंभीर जखमी झाला होता. 'चॉइसेस' हे त्याचे गीत पुरस्कारासाठी नामांकित होते. सोहळ्याच्या निर्मात्यांनी त्याला ते संक्षेपाने गाण्यास सांगितले. त्याने नकार दिला आणि तो सोहळ्यालाच गेला नाही. त्या रात्री ॲलन जॅक्सन 'पॉप अ टॉप' गात असताना मध्येच थांबला, त्याने 'चॉइसेस'चे ध्रुवपद गायले आणि तो मंचावरून निघून गेला. मानवंदना म्हणून न योजलेली, तरीही मानवंदनाच ठरलेली ही घटना कंट्री संगीताच्या इतिहासात गायकाच्या स्वाभिमानाची कथा म्हणून सांगितली जाते.

स्टील गिटारच्या रसिकाच्या बाजूने पाहिले असता तिला आणखी एक पदर आहे. गीत संक्षिप्त करायचे ठरले की पहिली कात्री लागते ती वाद्यांच्या जागांना. शब्द गाळले तर अर्थ तुटतो, असे सर्वांना वाटते. आरंभीची आणि मधली सुरावट गाळली तर काही तुटले असे फारसे कोणाला वाटत नाही. दूरचित्रवाणीच्या काळाच्या हिशेबात वाद्याची जागा ही रिकामी जागा ठरते. जोन्सचा नकार हा अशा रीतीने, त्याला अभिप्रेत असो वा नसो, साथीदारांच्याही वतीने दिलेला नकार होता. यातील उपरोध असा की, संक्षेपाचा निषेध करण्यासाठी जॅक्सनने जे गायले ते ध्रुवपदापुरतेच होते. निषेधालाही दूरचित्रवाणीचेच व्याकरण स्वीकारावे लागले. शिवाय एका गीतातून दुसऱ्यात जाण्याची ती कृती पेलली साथीदारांनी. ती कथा सांगताना त्यांची नावे मात्र कोणी घेत नाही.

पुढच्याच वर्षी जॅक्सन आणि जॉर्ज स्ट्रेट यांनी लॅरी कॉर्डलचे 'मर्डर ऑन म्युझिक रो' हे गीत गायले. नॅशव्हिलच्या व्यवसायाने फिडल आणि स्टील गिटार यांना हद्दपार करून कंट्री संगीताचा खून केला, असा त्याचा आशय आहे. असोसिएशनने या युगुलगीताला २००० साली आणि गीत म्हणून २००१ साली पुरस्कार दिले. व्यवस्थेने आपल्यावरील आरोपपत्राचाच गौरव करावा, ही घटना बोलकी आहे. तक्रार करमणुकीत रूपांतरित झाली की ती निरुपद्रवी होते.

दुसरे प्रक्षेपण २ मे २०१३ चे. २६ एप्रिलला जॉर्ज जोन्सचे निधन झाले आणि नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीच्या सभागृहातील त्याचा अंत्यविधी दूरचित्रवाणीवरून थेट दाखवण्यात आला. जॅक्सनने 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' गायले आणि अखेरीस आपली हॅट काढून छातीशी धरली. हे दृश्य लोकांच्या स्मरणात राहिले. प्रेम थांबण्यासाठी ज्याला मरावे लागले अशा माणसाचे ते गीत गायकाच्याच मृत्यूप्रसंगी गायले जात होते, त्यामुळे त्याचा परिणाम गहिरा होणे स्वाभाविक होते. तथापि १९८० च्या मूळ ध्वनिमुद्रणात जोन्सच्या ओळींना उत्तर देणारे स्टील गिटार पीट ड्रेकचे आहे. ड्रेक १९८८ मध्येच निवर्तला होता. ते वादन पाठ असलेल्या श्रोत्याच्या मनात त्या दिवशी एक नव्हे, दोन श्रद्धांजली चालू असणार. पैकी दुसरी कोणी जाहीर केलेली नव्हती. याउसच्या परिभाषेत सांगायचे तर एकाच प्रक्षेपणासमोर दोन अपेक्षांची क्षितिजे उभी होती. एका क्षितिजावर चेहरा होता, दुसऱ्यावर दोन ओळींमधली जागा.

४

येथवर या रसिकवर्गाची बाजू न्याय्य वाटते, आणि ती आहेही. परंतु तिचे समर्थन बहुधा 'अस्सल परंपरा' या कल्पनेच्या आधारे केले जाते. स्टील गिटार नाही तर ते कंट्री संगीत नव्हे, असा हा दावा. इतिहासासमोर तो टिकत नाही.

स्टील गिटारचा उगम टेनेसी किंवा टेक्सासमध्ये झालेला नाही. तो हवाई बेटांवर झाला. ओआहू बेटावर १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकुकूकडे या वादनपद्धतीचे जनकत्व दिले जाते. होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत विद्यार्थी असताना, १८८९ च्या सुमारास, त्याने ती विकसित केली. १८९३ मध्ये हवाईचे राज्य उलथवण्यात आले, १८९८ मध्ये अमेरिकेने ती बेटे आपल्यात सामील करून घेतली आणि १९०४ मध्ये केकुकू मुख्य भूमीकडे निघाला. १९१२ चे ब्रॉडवेवरील 'द बर्ड ऑफ पॅरडाइज' हे नाटक आणि १९१५ चे सॅन फ्रान्सिस्कोचे पनामा-पॅसिफिक प्रदर्शन यांनी हवाईयन संगीताची लाट आणली. जिंकलेल्या भूमीचा सूर जेत्यांच्या घराघरांत शिरला. पुढे जॉर्ज बोशांच्या रचनेवरून रिकनबॅकरने १९३२ च्या सुमारास बाजारात आणलेली विद्युत गिटारही मांडीवर घेऊन वाजवायची हवाईयन गिटारच होती. बॉब डनने १९३५ साली टेक्सासच्या नृत्यसंगीतात विद्युत स्टील वाजवले, तेव्हा ते परंपरेचे रक्षण नव्हते, उघड नवता होती. आयझॅक्सची १९५४ ची पट्टीही नवताच.

याच प्रवाहाची एक शाखा भारतातही पोहोचली. हवाईयन वादक ताऊ मो १९४० च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्लेने हवाईयन गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या, आणि ब्रिजभूषण काब्रांनी हे वाद्य रागसंगीतात नेले. नॅशव्हिलला जे वाद्य गावरान मातीचे चिन्ह वाटले, तेच भारतात एकीकडे चित्रपटाच्या चालीत आणि दुसरीकडे रागाच्या आलापीत रुळले. वाद्य कोणत्याही एका मातीचे असते, हा समजच यामुळे डळमळीत होतो.

मानवंदनेच्या कार्यक्रमात वादकाचे नाव गाळले गेले म्हणून खेद करणारा रसिक स्वतः हवाईचे नाव गाळत असेल, तर तो त्याच अन्यायाची पुनरावृत्ती करीत असतो. सुदैवाने या समुदायाने हे भान पूर्णतः गमावलेले नाही. सेंट लुइस येथे १९७८ साली सुरू झालेल्या स्टील गिटारच्या सन्माननामावलीत १९९३ साली केकुकूचा समावेश झाला. पट्ट्यांचा मार्ग न स्वीकारलेला नॅशव्हिलचा श्रेष्ठ वादक जेरी बर्ड १९७२ मध्ये हवाईत स्थायिक झाला आणि त्याने तेथील तरुणांना त्यांच्याच पूर्वजांचे वाद्य शिकवले. ऋणाची ही परतफेड कोणत्याही प्रक्षेपणाचा विषय झाली नसली, तरी सांस्कृतिक इतिहासात तिचे मोल मोठे आहे.

५

कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममधील पहिले सन्मान १९६१ सालचे. तेथे पेडल स्टीलच्या वादकाचा पहिला समावेश २०२१ च्या वर्गात जाहीर झाला आणि त्याचा विधी मे २०२२ मध्ये पार पडला. तो वादक म्हणजे पीट ड्रेक. ज्या ध्वनीला कंट्री संगीताची खूण म्हणून जगभर मिरवले गेले, त्याच्या कर्त्याला मुख्य दालनात प्रवेश मिळण्यास साठ वर्षे लागली, आणि तोही त्याच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी.

या साठ वर्षांत ड्रेकचे, हेल्म्सचे आणि आयझॅक्सचे श्रेय जिवंत राहिले ते प्रामुख्याने वादक आणि ज्यांना छांदिष्ट म्हटले गेले अशा श्रोत्यांमुळे. म्हणून त्यांच्या तक्रारीतील 'अस्सलपणा'चा दावा बाजूला सारला, तरी श्रेयाचा दावा उरतो आणि तोच महत्त्वाचा आहे. परंपरा शुद्ध असते म्हणून ती जपायची नसते. ती अनेकांनी घडवलेली असते म्हणून त्या अनेकांची नावे जपायची असतात. संहिता एकट्या कर्त्याची नसते, हे साहित्यसमीक्षेने सिद्धांताच्या वाटेने जाणले. या श्रोत्यांना ते दोन ओळींमधली जागा ऐकता ऐकता उमगले. गायकाच्या चेहऱ्यावर खिळलेल्या कॅमेऱ्याला ती जागा दिसत नाही. ती ऐकणारा कान जोवर आहे, तोवर तिथला वादक अनाम होत नाही.