ब्रह्मचारी (मराठी चित्रपट, १९३८)

ब्रह्मचारी : आचार्य प्र. के. अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला मराठी बोलपट. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने १९३८ मध्ये तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. औदुंबर ही नायकाची भूमिका स्वतः विनायकांनी केली, तर किशोरीच्या भूमिकेत मीनाक्षी शिरोडकर पहिल्यांदाच पडद्यावर आल्या. दामुअण्णा मालवणकर, विष्णुपंत जोग, साळवी आणि जावडेकर हे बरोबरचे नट. छायाचित्रण पांडुरंग नाईक यांचे, संगीत दादा चांदेकरांचे आणि गाणी अत्र्यांचीच. वरून पाहता ही एक विक्षिप्त, खेळकर प्रेमकथा. पण त्या काळच्या सार्वजनिक जीवनातल्या दिखाऊ आदर्शांवर तिने जेवढे नेमके बोट ठेवले, तेवढे त्याआधीच्या मराठी बोलपटात क्वचितच कोणी ठेवले असेल.

कथानक थोडक्यात सांगता येते. औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण. खोलीत नटनट्यांची चित्रे, डोक्यात त्यांचीच स्वप्ने. एके दिवशी देशभक्त जटाशंकर यांचे ब्रह्मचर्यावरचे व्याख्यान तो ऐकतो आणि तिथल्या तिथे पेटून उठतो. चित्रे फेकली जातात, व्यायामाची साधने विकत घेतली जातात आणि औदुंबर आचार्य चंडीराम यांच्या संस्थेत दाखल होतो. मग किशोरी येते. तिच्यापुढे औदुंबराचा निश्चय एकदम कोसळत नाही, थोडाथोडा ढासळत जातो आणि प्रेक्षकाचे हसू त्या ढासळण्याबरोबर वाढत जाते. पुढचे सगळे नाट्य या एका पेचातून निघते : शपथ तर सगळ्यांदेखत घेतली आहे, आता मनाचे काय करायचे?

हा पेच नवा नाही. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मध्ये नावारचा राजा आणि त्याचे तीन सोबती अभ्यासासाठी तीन वर्षे स्त्रियांचे तोंड न पाहण्याची प्रतिज्ञा करतात आणि फ्रान्सची राजकन्या सख्यांसह दाराशी येते. अत्र्यांनी मात्र प्रतिज्ञेचे मूळ पुस्तकी विद्येत शोधले नाही. त्यांनी ते सभेच्या व्यासपीठावर शोधले, आणि चित्रपटाचे मराठीपण इथेच आहे. १९२० ते १९४० या काळातला महाराष्ट्र हा व्याख्यानांचा, व्यायामशाळांचा आणि व्रतांचा महाराष्ट्र होता. गांधीजींनी १९०६ मध्येच ब्रह्मचर्याचे व्रत घेतले होते आणि त्याविषयी ते जाहीरपणे लिहीत असत. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी गावोगाव सूर्यनमस्कारांचा प्रचार करत होते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून तरुणांना घडवत होते. ही कामे खरी होती आणि माणसेही खरी होती. पण कोणत्याही मोठ्या चळवळीच्या मागे अनुकरण करणाऱ्यांची एक रांग उभी राहतेच. व्याख्यान ऐकून रात्रीत बदलणारे, संस्थेच्या नावाने स्वतःचे बस्तान बसवणारे, उपदेश दुसऱ्याला आणि सवलत स्वतःला देणारे लोक अत्र्यांना या रांगेत दिसले.

त्यांनी हा विषय रंगभूमीवर आधीच हाताळला होता. १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’ या नाटकात घरोघरच्या अशाच छांदिष्टपणाची त्यांनी गंमत केली होती. त्याच्याही आधी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’मधून समकालीन कवींच्या लकबी उचलून त्यांनी मराठीत विडंबनकाव्याला प्रतिष्ठा दिली होती. चांगले विडंबन करायचे तर मूळ गोष्ट आतून माहीत असावी लागते. अत्रे पुण्याच्या कॅम्प भागातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि सार्वजनिक सभांतले गाजलेले वक्ते होते. जटाशंकरांच्या भाषणातली उसनी गर्जना त्यांना इतकी अचूक साधली, कारण व्याख्यानाचे तंत्र त्यांच्या स्वतःच्या हाडीमाशी भिनलेले होते.

हंस पिक्चर्सची स्थापना १९३६ ची. मास्टर विनायक, त्यांचे बंधू बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी ती उभी केली. पहिला चित्रपट ‘छाया’ वि. स. खांडेकरांच्या लेखणीचा. त्यानंतर कंपनीचे दोन लेखक ठरून गेले : करुण आणि ध्येयवादी कथा खांडेकरांच्या, विनोदी कथा अत्र्यांच्या. ‘धर्मवीर’ आणि ‘प्रेमवीर’ (दोन्ही १९३७) हे अत्रे-विनायक जोडीचे आधीचे प्रयत्न. ‘ब्रह्मचारी’त ती जोडी पुरती जमली. त्याच सुमारास पुण्याची प्रभात कंपनी ‘कुंकू’सारख्या (१९३७) चित्रपटातून विषम विवाहाचा प्रश्न गंभीरपणे मांडत होती. हंसने तसाच सामाजिक आशय हसवत मांडला, आणि ते काम सोपे नव्हते. गंभीर चित्रपटात प्रेक्षक अन्यायाच्या विरुद्ध बाजूला आपोआप उभा राहतो. इथे मात्र त्याला औदुंबरात स्वतःला पाहायचे होते आणि तरीही हसायचे होते. विनायकांनी औदुंबर भाबडा ठेवला, दुष्ट किंवा ढोंगी केला नाही. ढोंग व्यासपीठावर आहे, औदुंबरापाशी फक्त उतावळेपणा आहे. त्याची थट्टा होते पण अपमान होत नाही, म्हणून त्याच्या प्रेमाची ओढ प्रेक्षकाला शेवटपर्यंत वाटत राहते.

या चित्रपटाचे नाव काढले की आजही पहिली आठवण निघते ती मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखाची आणि त्यावेळच्या यमुनेच्या पाण्यातल्या खेळाच्या गाण्याची. १९३८ मध्ये मराठी नायिकेने पडद्यावर तसा पोशाख घालणे ही मोठीच खळबळ होती. वृत्तपत्रांत टीका झाली आणि चित्रपटगृहांत गर्दी उसळली. पण हा प्रसंग केवळ गर्दीसाठी घातला असे म्हणणे चित्रपटावर अन्याय करणारे आहे. औदुंबराच्या व्रताची खरी परीक्षा इथेच होते आणि ती घेणारी व्यक्ती व्याख्याता नाही, आचार्य नाही, एक तरुणी आहे. गाण्याचा विषय राधाकृष्णाच्या परंपरेतला, पोशाख मात्र नव्या जमान्याचा. ज्या समाजाला भजनातला शृंगार चालतो त्याला घरच्या मुलीचे मोकळेपण का खुपते, हा प्रश्न त्या एका दृश्यात न बोलता उभा राहतो. किशोरी स्वतःहून निवड करते, पुढाकार घेते. तिच्या आधीच्या मराठी नायिका बहुतेक सोसणाऱ्या होत्या. मीनाक्षी शिरोडकर (१९१६–१९९७) यांनी पुढेही विनायकांबरोबर अनेक चित्रपट केले. अभिनेत्री नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या त्यांच्या नाती.

एरंडोल, अमळनेर, धुळे या पट्ट्यातल्या वाचकाने हा चित्रपट आणखी एका बाजूने पाहावा. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरला झाले आणि खानदेशात देशभक्तीची भाषा घराघरांत पोहोचली. त्याच्या चार वर्षे आधी, १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातून शिक्षकाची नोकरी सोडून आलेले साने गुरुजी ते बोल उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून झाले. बोलणारा आणि लिहिणारा, दोघेही आजन्म ब्रह्मचारी. त्यांना सभेसमोर शपथा घ्याव्या लागल्या नाहीत आणि व्यायामाची साधनेही विकत आणावी लागली नाहीत. त्यांच्या आयुष्यात ब्रह्मचर्य हे सेवेच्या कामातून आपसूक आले. जटाशंकरांच्या आरोळ्या या जोडीशेजारी ठेवून पाहिल्या, की अत्रे नेमके कशाला हसले हे स्पष्ट होते.

अत्र्यांच्या मनात या बाबतीत गोंधळ नव्हता, हे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. ‘ब्रह्मचारी’ लिहिणाऱ्या याच माणसाने साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर १९५३ मध्ये चित्रपट काढला. वनमाला आणि माधव वझे यांच्या भूमिका असलेल्या त्या चित्रपटाला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ऐकवल्यावर त्या महाराष्ट्रापुढे आणण्यासाठी अत्रेच पुढे सरसावले आणि १९५२ च्या संग्रहाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. अस्सल गोष्ट ओळखून तिच्यापुढे वाकणे आणि नकली गोष्टीला हसून हाकलणे ही दोन्ही कामे त्यांची लेखणी सारख्याच जोमाने करत असे. त्यांच्या थट्टेवर निंदेचा आरोप करणाऱ्या तेव्हाच्या टीकाकारांनी पहिली बाजू लक्षात घेतली नाही.

युरोपातही याच सुमारास असे लेखन होत होते. सर्बियन नाटककार ब्रानिस्लाव नुशिच यांच्या १९२९ च्या ‘मंत्र्याची बायको’ या अर्थाच्या नाटकात नवरा मंत्री होताच झिव्का ही गृहिणी मुलीचा संसार मोडून तिला निकाराग्वाच्या मानद वाणिज्यदूताच्या गळ्यात घालायला निघते, आणि हा वाणिज्यदूत असतो चामड्याचा व्यापारी. तिथे लग्नाच्या आडून सत्तेच्या हव्यासाची थट्टा आहे, इथे प्रेमाच्या आडून उसन्या वैराग्याची. नुशिच १९३८ च्या जानेवारीत वारले. त्याच वर्षी हा मराठी बोलपट पडद्यावर आला.

‘ब्रह्मचारी’च्या यशाने हंसला पुढचे पाऊल टाकण्याचे धैर्य दिले. १९३९ च्या ‘ब्रँडीची बाटली’त दामुअण्णा मालवणकरांनी नगरपालिकेतला भोळा कारकून बगाराम रंगवला. प्रेयसीच्या आजारी भावासाठी ब्रँडी आणायची, पण ब्रँडी म्हणजे काय हेच ठाऊक नाही, अशी त्याची अडचण. आणि निमित्त दारूबंदीचे. १९४० मध्ये चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना विनायकांनी ‘लग्न पाहावे करून’मधून पडद्यावर आणले आणि विनोदाचा रोख वधूवरांच्या बाजाराकडे वळला. मास्टर विनायक १९४७ मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी गेले.

ही परंपरा त्यांच्याबरोबर संपली नाही. राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये (१९५२) प्रेमाच्या आड पैसा आला, राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’त (१९७०) चाळीतली अपुरी जागा आली. त्यावरूनच बासू चटर्जींनी १९७२ मध्ये हिंदीत ‘पिया का घर’ केला. पुढे सचिन पिळगांवकरांच्या ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) पुण्यात भाड्याची खोली मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघांना बायकांचा वेश घ्यावा लागला.