दोन बारांमधली उसंत

साल 1835, सप्टेंबरची पहिली तारीख. इंग्लंडमधल्या नॉरफकचं गव्हाचं रान. कापणी उरकलीय, धसकटं बुटांना टोचताहेत. तितरांच्या शिकारीचा हंगाम आजपासून सुरू. तुमच्या हातात दुनळी आहे, ठासणीची, केपाची. पुढे गेलेला कुत्रा एकदम थिजतो. तुम्ही दोन पावलं टाकता आणि त्याच्या नाकासमोरून दहा-बारा तितर फडफडाट करत उठतात. उजवा चाप, डावा चाप. डोळ्यांसमोर धुराचा लोट. त्यातून एक तितर पडताना दिसतो. दुसरा बार वाया गेला असावा. उरलेला थवा कुंपण ओलांडून पलीकडच्या शेतात उतरतो.

भरा आता बंदूक. मदतीला कोणी नाही.

दस्ता जमिनीवर टेकवा, नळ्यांची तोंडं स्वतःच्या तोंडापासून लांब धरा. कुपीतून मापाची दारू उजव्या नळीत, मग डाव्या नळीत. घाई नको. नळीच्या तळाशी एखादी ठिणगी धुमसत असली तर अख्खी कुपी हातात फुटते. वरून डाट, आणि गजाने ठासा. गज बोटांच्या टोकांत धरायचा, मुठीत नाही. चुकून बार उडालाच तर बोटांवर निभावेल, हात वाचेल. मग छर्रे, त्यांच्यावर पुठ्ठ्याची चकती, पुन्हा गज. मग घोडे अर्ध्यावर चढवा आणि दोन्ही बोंडांवर केपा बसवा. केप मसुराच्या दाण्यापेक्षा फारशी मोठी नसते; गारठलेल्या बोटांतून निसटली की धसकटांत शोधत बसण्यापेक्षा दुसरी काढलेली बरी. आणि एकच नळी उडवली असती तर? मग भरलेल्या नळीचा घोडा आधी उतरवायचा. हे विसरलेल्या कित्येकांनी गज ठासता ठासता शेजारच्या नळीवर हात गमावले. पहिल्या बाराच्या धक्क्याने त्या नळीतले छर्रे सैल झालेले असतात, म्हणून तिथेही गज फिरवून घ्यायचा.

हे सगळं होईतो कुत्रा पोट टेकून बसून आहे. बार झाला की बसायचं आणि धन्याची बंदूक भरून होईपर्यंत हलायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरवलेलं आहे. तो धावत सुटला तर दबून बसलेले तितर उठतील आणि तुमच्या हातात तेव्हा रिकामी नळी आणि एक काठी असेल. तेवढ्यात एक मागे राहिलेला तितर तुमच्या पायांजवळून उठतोच. गज अर्धा नळीत. तुम्ही नुसते बघत राहता.

ही मिनिटभराची उसंत त्या तितराच्या हक्काची आहे. पुढची शंभर वर्षं बंदूकवाल्या कारागिरांनी आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनी ती चिमटी-चिमटीने काढून घेतली. तुम्हाला दाखवायचंय ते एवढंच. बाकी यंत्राचं कौतुक आपोआप होईल, कारण यंत्र खरोखर देखणं आहे.

1851 मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात एक फ्रेंच बंदूक मांडलेली दिसेल, लफोशो यांची. ती मध्यावर मोडते आणि काडतूस नळ्यांच्या बुडाकडून भरतात. प्रत्येक काडतुसाच्या कडेला एक खिळा असतो आणि तो नळीच्या खाचेत अचूक बसवावा लागतो. उडालेली पुंगळी त्याच खिळ्याला धरून उपसायची. इंग्रज शिकारी नाक मुरडतात, आणि पाच-दहा वर्षांत याच धर्तीची बंदूक विकत घेतात. इथे फार थांबू नका. 1861 मध्ये लंडनचे डॉ नावाचे बंदूकवाले बुडाच्या मध्यभागी केप असलेलं काडतूस बाजारात आणतात, आणि खिळा खाचेत बसवण्याची कटकट संपते. 1874 मध्ये नीडहॅम यांचं पेटंट येतं: बंदूक मोडली की उडालेली पुंगळी आपोआप बाहेर फेकली जाते, न उडालेलं काडतूस जागेवर राहतं. 1880 मध्ये बीझली यांची स्वतःहून उघडणारी बंदूक येते. तिचा हक्क पर्डी कंपनीने विकत घेतला. वरची कळ सरकवली की आतल्या कमानीच नळ्या खाली ढकलतात. मिटताना मात्र त्याच कमानी दाबाव्या लागतात, म्हणून ती मिटायला जड. उघडताना वाचवलेला जोर मिटताना भरावा लागतो, पण पाखरं डोक्यावर असताना हा सौदा परवडतो.

आता हातात अशी एक बंदूक घ्या आणि स्वतःच भरून बघा. खिशात काडतुसं पितळी बूड वर करून ठेवलेली असावीत, सगळी एका दिशेने. दोन बार झाले, अंगठ्याने कळ दाबली, पुंगळ्या खांद्यामागे उडाल्या. तोवर उजव्या हाताने दोन काडतुसं एकदम उचललीत, अंगठा आणि दोन बोटांत, बुडं तळहाताकडे. दोन्ही एकदम नळ्यांच्या बुडाशी न्या, सोडा, अंगठ्याने रेटा. नजर खाली जाता कामा नये, आकाशावरच ठेवायची. आणि बंदूक मिटताना नळ्या वर आणायच्या नाहीत, दस्ता वर उचलायचा, म्हणजे तोंडं जमिनीकडेच राहतात. ज्याला घाई झालेली असते तो नेमका नळ्या उचलतो, आणि शेजारच्या माणसाच्या गुडघ्यांच्या रेषेत आणतो. एक गोष्ट आणखी: खिशात बारा बोरमध्ये वीस बोरचं एकही काडतूस मिसळू देऊ नका. ते बारा बोरच्या नळीत सरकून पुढे अडकतं, नळी रिकामी वाटते, तुम्ही मागून बारा बोरचं भरता, आणि चाप ओढल्यावर नळी डाव्या हातात फाटते. घाईत भरणाऱ्याला ही चूक दिसतसुद्धा नाही.

मिनिटाची उसंत आता दोन-तीन सेकंदांवर आलीय. पण ज्यांना तेवढीही नको होती त्यांच्या घरी चला.

यॉर्कशरमधलं स्टडली रॉयल, 1890 च्या दशकातली एक रात्र. यजमान लॉर्ड डी ग्रे. आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांचा ठराव करून गेलेले व्हाइसरॉय लॉर्ड रिपन, त्यांचे हे चिरंजीव. वडिलांचं नाव म्युनिसिपालिटीच्या इतिहासात आलं, मुलाचं शिकारीच्या वहीत. 1867 पासून मरेपर्यंत त्यांच्या नावावर 5,56,813 प्राणी-पक्षी मांडलेले आहेत. रात्री आपल्या वाचनालयात ते दोन लोडरांना, म्हणजे बंदुका भरून देणाऱ्या नोकरांना, उभं करून बंदुकांची देवाणघेवाण घोटवून घ्यायचे, असं सांगतात. समजा त्यातले दुसरे लोडर तुम्ही आहात.

पाठीला पुस्तकांची कपाटं, पायांखाली जाड गालिचा. बंदुका तीन, एकाच कारखान्यात जुळवून घडवलेल्या, वजन आणि तोल सारखा. पट्टीवर 1, 2, 3 असे आकडे. तुमची जागा साहेबांच्या उजव्या खांद्यामागे. साहेब उडवलेली बंदूक नळ्या सरळ वर ठेवून उजव्या हाताने मागे देतात. ती तुमच्या डाव्या हातात, नळ्यांवर. त्याच क्षणी भरलेली बंदूक साहेबांच्या पुढे झालेल्या डाव्या तळव्यात जायला हवी. साहेब मान वळवत नाहीत. तळवा जिथे उघडतो तिथे लाकूड असलंच पाहिजे. दोन बंदुकांच्या नळ्या एकमेकींवर आपटल्या तर पोचा पडतो, आणि त्या पोच्याची किंमत तुमच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी. म्हणून देणारी आणि घेणारी बंदूक वेगवेगळ्या वाटांनी जाते. हात बदलला की गुडघ्यात वाका, कळ, पुंगळ्या, दोन काडतुसं, मिटवा, उभे राहा. बोटं चापाच्या आसपाससुद्धा फिरकायची नाहीत. या साहेबांना बाहेर दिसणारे घोडे असलेल्या बंदुकाच आवडतात, बिनघोड्याच्या बाजारात येऊन इतकी वर्षं झाली तरी. म्हणजे एक हालचाल जास्तच, आणि तरीही इंग्लंडात त्यांच्याइतका वेगवान कोणी नाही. यावरून एक गोष्ट उघड होते, जी बंदुका विकणारे कधी सांगत नाहीत. ठरावीक मर्यादेनंतर वेग बंदुकीत नसतो, तीन माणसांच्या सवयीत असतो.

आणि लोडराचं खरं कसब? पाखराकडे न बघणं. वर मोठा थवा आला की प्रत्येकाची मान वर जाते. तुमची जाता कामा नये. तुम्ही साहेबांचा उजवा कोपर बघायचा. दुसरा बार झाला की तो सैल पडतो, आणि बंदूक मागे यायच्या आधीच तुम्ही निघालेले असता.

लॉर्ड डी ग्रेंनी सात फेझंट पक्षी एकाच वेळी हवेत मेलेले ठेवले, अशी त्यांची ख्याती आहे. हिशोब करून बघा. तीन बंदुकांच्या नळ्या सहा. एका बारात दोन पडले नसतील तर सातव्या पाखरासाठी पहिली बंदूक भरून परत हातात यायला हवी, आणि पहिलं पाखरू अजून जमिनीवर पोचलेलं नसावं. ते सातवं पाखरू वहीत साहेबांच्या नावावर लागतं. माझ्या हिशोबाने ते तुमचं.

18 डिसेंबर 1913. बीकन्सफील्डजवळचं हॉल बार्न, डेली टेलिग्राफचे मालक लॉर्ड बर्नम यांची इस्टेट. सात शिकारी, त्यांत राजे पंचम जॉर्ज आणि एकोणीस वर्षांचे प्रिन्स ऑफ वेल्स. तुम्ही पुन्हा लोडर. खांद्यावर शंभर काडतुसांची पिशवी, चारेक किलोची, आणि ती सकाळपासून कितव्यांदा भरलीय याची मोजदाद तुम्ही सोडलीय. झाडीच्या पलीकडे हाकेवाल्यांच्या काठ्या वाजतात आणि पाळून वाढवलेले फेझंट शेकड्यांनी उठून तुमच्या डोक्यावरून जायला लागतात. नळ्या इतक्या तापल्यात की साहेबांनी त्यांच्यावर कातडी म्यान चढवलंय. तुम्हाला ते नाही. बोटांच्या पेरांवर जळकी दारू, अंगठ्याच्या नखाखाली पितळेचा कीस, कानांत एकच सूर. इथे उसंत उरलेलीच नाही. पाखरू उठतं त्या क्षणी भरलेली नळी त्याच्याकडे बघत असते, आणि चुकलं तर दुसरी, आणि मग तिसरी. संध्याकाळी मोजणी होते: 3,937 फेझंट. परतीच्या वाटेवर राजे बराच वेळ गप्प होते आणि मग आज जरा अतीच झालं असं काहीसं म्हणाले, हे राजपुत्रांनी खूप नंतर आत्मचरित्रात लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं.

आता घराजवळ या. 12 नोव्हेंबर 1938, भरतपूरचं केवलादेव. पाणी महाराजांनी बंधारे घालून अडवलेलं, पाहुणे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो. इथे आकाशात तलवार बदकं आणि थापटे, सैबेरियाकडून उतरलेले. फेझंट एकाच दिशेने येतात. बदकं चारी बाजूंनी येतात, घिरट्या घालून परत येतात, म्हणून उजव्या खांद्यामागची जागा दर मिनिटाला बदलते आणि तुम्हाला चिखलात साहेबांभोवती फिरावं लागतं. एका दिवसात 4,273 पक्षी. आकडा देवळाजवळच्या दगडावर कोरलेला आहे, कर्झनच्या काळापासूनच्या इतर आकड्यांसोबत. 1972 पर्यंत महाराजांचा शिकारीचा हक्क शाबूत होता. त्याआधीच्या वर्षांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची माणसं त्याच पाण्यात उतरून बदकांच्या पायांत कड्या अडकवत होती. एकाच तळ्यावर दोन प्रकारची मोजणी, असं फार ठिकाणी झालं नसेल.

एक उडी मागे मारा आणि थांबा. साल 1935, अमेरिकेतला चेसापीक उपसागर. इथे लोडर नाहीत. त्यांचं काम यंत्र करतं. पुढचा लाकडी दांडा मागेपुढे केला की पुंगळी बाहेर, नवं काडतूस आत. विंचेस्टरच्या पंपात सहा बार मावतात आणि ती चालवायला एकच माणूस लागतो. पण लागोपाठच्या दुष्काळांनी बदकं आटलीत. सरकारने जैविक सर्वेक्षण खात्यावर जे. एन. डार्लिंग या व्यंगचित्रकाराला नेमलं. बदकांच्या शिकारीसाठीचं पहिलं तिकीट त्यानेच चितारलं, किंमत एक डॉलर. आणि यंदा नवा नियम आलाय: बदकांवर बंदूक चालवायची तर तिच्यात तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत.

तुम्ही मचाणावर बसून बंदुकीच्या काडतुसांच्या नळीचं टोपण फिरवता, कमान काढता आणि आत एक लाकडी दांडकं सरकवता. वीतभर लांब, चाकूने सोललेलं. पाच काडतुसांच्या जागी आता दोन जातात, तिसरं नळीत. सगळ्या कारागिरांनी मिळून जी उसंत संपवली होती, ती सरकारने लाकडाचा तुकडा घालून पुन्हा बसवली. पाखराला उडून जायला थोडे सेकंद.

शेजारच्या मचाणावरच्या म्हाताऱ्याकडे आजोबांच्या वेळची दुनळी आहे. तिच्यात दांडकं घालायला जागाच नाही आणि गरजही नाही. तुमची खटपट बघून तो हसतो, बंदूक मोडतो, दोन काडतुसं टाकतो आणि विचारतो की झालं का तुमचं, कारण पूर्वेकडून थवा येतोय.