गिरणीतले इंग्रजी

इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवावी कशी, असा प्रश्न केंदूरसारख्या गावची मुले आम्हांस नेहमी करतात. एका अंगास शिक्रापूर-सणसवाडीचे कारखाने, दुसऱ्या अंगास चाकणचे. तेव्हा प्रश्न हौसेचा नाही, भाकरीचा आहे. बाजारात शब्दांच्या याद्या छापलेली पुस्तके मिळतात. ती पाठ करणाऱ्यांना आमचा विरोध नाही. पण आपल्या कष्टकऱ्यांनी जड इंग्रजी शब्द पचवले ते त्या वाटेने नव्हे.

कोश आपल्याकडे लवकर झाले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द ६०,००० च्या घरात गेले. इंग्रजी-मराठी कोशही त्यानेच हाती घेतला होता. प्रकृतीपायी तो विलायतेस परतला आणि मेजर कँडीने काम पुरे करून १८४७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ थोरच. पण साच्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती तो पडावा कसा?

त्या माणसाची बाजू सरकारदरबारी मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, मग रेल्वे, टपालखाते आणि गिरणीतली स्टोअरकीपरी. १८८० पासून 'दीनबंधु' पत्र त्यांनी मुंबईहून चालवले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि फॅक्टरी कमिशनपुढे जो अर्ज गेला त्यावर ५,५०० कामगारांची नावे होती. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, आणि इजा झाल्यास भरपाई. रविवार १८९० साली पदरात पडला. भरपाईचा कायदा यायला मात्र १९२३ उजाडले. 'कॉम्पेन्सेशन' हा लांबलचक शब्द अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसाच्या तोंडी बसला तो अशा तुटलेल्या बोटांच्या हिशेबातून.

पुढे शब्दांची रांगच लागली. नोकरी गेली की आपला माणूस एकच बोलतो, "काढलं." इंग्रजी कागद मात्र चार तऱ्हांनी बोलतो. 'डिसमिस' म्हणजे गैरवर्तनाचा ठपका ठेवून हाकलणे. 'डिस्चार्ज'मध्ये तो ठपका असतोच असे नाही. 'ले-ऑफ'मध्ये नाव मस्टरवर राहते, काम तेवढे मिळत नाही. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात १९५३ साली जी कलमे घातली गेली, त्यांत ले-ऑफच्या दिवसांसाठी, कायदा लागू असेल तिथे, मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम ठरली. आणि 'रिट्रेंचमेंट' झाली तर सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या संहितेत विलीन झाला, पण हे शब्द नव्या संहितेतही आहेत. दहा वर्षे घाम गाळलेल्याने 'रिट्रेंच' आणि 'डिसमिस' यांची गल्लत केली, तर १५० दिवसांच्या पगाराचा प्रश्न उभा राहतो. इतका महाग शब्दार्थ कोणत्या कॉलेजात शिकवतात?

१९४६ च्या स्टँडिंग ऑर्डर्सच्या कायद्याने एक चांगली गोष्ट केली होती. कारखान्याचे नियम दाराजवळच्या फळ्यावर इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावण्याचे बंधन मालकावर घातले होते. दोन मजकूर शेजारीशेजारी! आमच्या अभ्यासवर्गांनी त्यांचाच कोश केला. इंग्रजी शब्दाखाली रेघ मारायची, मराठी प्रतीतला अर्थ समासात लिहायचा, आणि त्यापुढे त्या शब्दाने पगारात किती रुपयांचा फरक पडतो तो आकडा मांडायचा.