कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य : पायवाट, रस्ता आणि वनसंरक्षण

प्रस्तावना :
अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा म्हटले की अवर्षणाचे चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर, मुसळधार पावसाचा वनप्रदेश आहे. कळसूबाई (१६४६ मीटर) हे राज्यातील सर्वोच्च शिखर, रतनगड व हरिश्चंद्रगड येथेच आहेत. या वनाच्या संरक्षणात रस्त्यांचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
दुर्गमता हे या वनाचे पहिले कवच होते. हरिश्चंद्रगडावर चांगदेवांनी तपश्चर्या केल्याची परंपरा आहे. देवगावचे राघोजी भांगरे यांनी याच डोंगररांगांच्या आश्रयाने इंग्रजांविरुद्ध बंड केले. १८४८ साली त्यांना ठाण्यात फाशी देण्यात आली. पुढे प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि घाटघर येथील २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ मध्ये कार्यान्वित झाला. अशा प्रकल्पांबरोबर वाहनांची वाट थेट घाटमाथ्यापर्यंत पोहोचली.

दरम्यान १९८६ मध्ये सुमारे ३६१ चौ. कि. मी. क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. शेकरू व बिबट्या यांच्या अधिवासाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण मिळाले. मात्र प्रवेशावर निर्बंध घालणाऱ्या कलम २७ मधील दोन अपवाद येथे महत्त्वाचे ठरतात. आत स्थावर मालमत्तेचा हक्क असणाऱ्यास परवाना लागत नाही. तसाच तो सार्वजनिक मार्गाने अभयारण्यातून जाणाऱ्यासही लागत नाही. पहिला अपवाद रहिवाशाचा, दुसरा प्रवाशाचा. म्हणजेच प्रत्येक नवा सार्वजनिक रस्ता कायद्याच्या कुंपणात एक नवे दार उघडतो.

अमेरिकेच्या १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने कायम रस्त्यांना सर्वसाधारणपणे मनाई केली. परंतु त्यामागे माणूस हा तेथे केवळ पाहुणा असतो अशी धारणा होती. अकोल्यात ती लागू पडत नाही. महादेव कोळी व ठाकर समाजाची गावे अभयारण्याआधीपासूनची आहेत आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींच्या वनावरील हक्कांना मान्यता दिली आहे. पावसाळ्यात रुग्णाला डोलीतून न्यावे लागणाऱ्या वाडीला ‘निसर्गसौंदर्यासाठी रस्ता नको’ असे सांगणे अन्यायाचे होईल.

निष्कर्ष :
म्हणून प्रश्न ‘रस्ता हवा की नको’ असा नसून ‘रस्ता कोठवर व कोणासाठी’ असा आहे. गावापर्यंतचा रस्ता हा रहिवाशांचा हक्क आहे. गावापासून पुढे कड्यापर्यंत, दरीपर्यंत नेलेला रस्ता ही केवळ पर्यटकांची सोय आहे. पावसाळ्यापूर्वी काजवे पाहण्यासाठी येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांमुळे काजव्यांच्या प्रकाशसंकेतांतच व्यत्यय येतो; अर्थात जे पाहावयास यावे, तेच नाहीसे होते. वाहने गावातच थांबवून पुढील वाट स्थानिक वाटाड्यासोबत पायी चालण्याचा दंडक घातल्यास वनाला विसावा मिळेल व उत्पन्न गावात राहील. ज्या पायवाटांनी हे वन शतकानुशतके राखले, त्या पायवाटाच राहू देणे, हे येथील संरक्षणाचे पहिले सूत्र ठरावे.