नवागामचा वर्ग आणि यंत्राची भाषा

सुरत शहरातील नवागाम ही कष्टकऱ्यांची वस्ती होय. दिंडोली आणि उधना हे तिचे शेजारी. ताप्तीच्या खोऱ्यातून जळगावकडे जाणारा लोहमार्ग उधन्याहून निघतो आणि नवापूर, नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर ही गावे सुरतेशी जोडतो. याच वाटेने खानदेशातील हजारो कुटुंबे यंत्रमागांच्या व साड्यांच्या या नगरीत पोटासाठी आली आणि येथेच स्थिरावली. त्यांच्या घरचे मूल आजीशी अहिराणीत बोलते, रस्त्यावर गुजराती बोलते, आणि मराठी शाळेत असेल तर पुस्तक मराठीत वाचते. आता त्याच्यासमोर प्रकाशमान पडदाही आला आहे. या पडद्याने त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु यंत्राच्या साह्याने शिकविण्याचा आपल्या देशातील इतिहास पाहिला, म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानात येते.

१९५६ साली सातव्या दुरुस्तीने राज्यघटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, यासाठी प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने झटावे, असे ते सांगते. पुढे १ मे १९६० रोजी गुजरात व महाराष्ट्र ही दोन राज्ये झाली आणि सुरतेतील मराठी माणूस या कलमाच्या छायेखाली आला. सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने मराठी शाळा चालविल्या. गुजरातच्या पाठ्यपुस्तक मंडळाने मराठी माध्यमाची पुस्तके छापली. त्या काळी 'सोयी' या शब्दाचा अर्थ इमारत, शिक्षक आणि पुस्तक एवढाच होता. यंत्र त्यात नव्हते.

यंत्र मोठ्या प्रमाणावर खेड्यांत गेले ते १९७५ साली. त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून ३१ जुलै १९७६ पर्यंत अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी, अशी त्यांची विभागणी होती. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात प्रा. यशपाल हे संचालक होते, आणि या प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा एकनाथ वसंत चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाने वाहिली. ज्या गावांत तोवर दूरचित्रवाणी कोणी पाहिली नव्हती, तेथे जाळीच्या मोठ्या तबकड्या उभ्या राहिल्या आणि आकाशातून धडे उतरू लागले. हे धडे हिंदी, उडिया, तेलुगू व कानडी भाषांत तयार करावे लागले होते. एकाच भाषेत बोलून सहा राज्यांचे काम भागणार नाही, हे योजकांनी आरंभीच ओळखले होते. वर्ष संपले, अमेरिकेने आपला उपग्रह परत नेला आणि प्रयोग थांबला. उसन्या साधनावर उभारलेल्या शाळेची मुदत धनी ठरवितो, हा धडा त्यातून मिळाला.

याच सुमारास गुजरातेत, खेडा जिल्ह्यातील पीज या गावी, एका लहान प्रक्षेपण केंद्राचे काम सुरू झाले. त्याच्या कार्यक्रमांत चरोतर भागाची बोली ऐकू येई. खेडूत स्वतः पडद्यावर येऊन आपल्या अडचणी बोलून दाखवीत. १९८४ साली युनेस्कोने ग्रामीण संपर्काच्या कार्यासाठी त्याचा गौरव केला. मोठ्या शहरातील प्रमाण भाषेपेक्षा ओट्यावरची भाषा लोकांच्या मनात लवकर शिरते, याचे हे उदाहरण सुरतेपासून काही तासांच्या अंतरावर घडले आहे.

१९८४-८५ साली 'क्लास' या योजनेखाली देशातील सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो ही गणकयंत्रे पोचली. ती इंग्रजी जाणणारी होती. यंत्राला देवनागरी शिकविण्याचे काम मात्र आपल्याकडेच चालले होते. कानपूरच्या तंत्रशास्त्र संस्थेत जे संशोधन झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत विस्तारले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही प्रमाणित संकेतावली आली, आणि नंतर युनिकोडमुळे मराठी अक्षर जगातील कोणत्याही यंत्रावर उमटू लागले. तथापि, अक्षर उमटणे निराळे आणि धडा तयार असणे निराळे. लिपीची अडचण अभियंत्यांनी सोडविली. धड्याची अडचण शिक्षकांनीच सोडवावयाची होती.

तसे एक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत घडले. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत जोडले. भ्रमणध्वनी त्यावर धरला, की कविता ऐकू येई, धडा दिसू लागे. ही कल्पना पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांनी स्वीकारली, आणि ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना जाहीर झाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या कीर्तीत एक गोष्ट झाकली जाते. आपल्या विद्यार्थिनींची घरची भाषा कानडी आहे, हे पाहून ते आधी कानडी शिकले आणि मग पुस्तके त्या भाषेत उतरविली. संकेताचे चौकोन त्यानंतर आले.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि या साऱ्याची परीक्षा झाली. गुजरातेत दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवरून आणि महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवरून धडे दाखविले जाऊ लागले. गिरनारवरील धडे मुख्यतः गुजरातीत. सह्याद्रीवरील मराठीत, परंतु दुसऱ्या राज्याच्या अभ्यासक्रमाचे. नवागामसारख्या वस्तीतील मराठी शाळेचे मूल या दोहोंच्या मधल्या फटीत सापडले. त्यातच घरात भ्रमणध्वनी एक आणि शिकणारी भावंडे दोन-तीन. आणि बाप कारखान्यात गेला, की तोही त्याच्या खिशातून निघून जाई. कित्येक कुटुंबे तर टाळेबंदीत खानदेशातील आपल्या गावी परतली होती.

गुजरात सरकारने २०१७ साली ज्ञानकुंज योजनेतून वर्गांत प्रक्षेपक व संवादी फळे दिले आहेत. त्याच वर्षी देशभर 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले, आणि त्यावर अनेक भाषांतील साहित्य ठेवता येते. म्हणजे साधन आहे आणि जागाही आहे. गुजरातच्या पाठ्यक्रमाला जुळणारा, परंतु मराठीत बोलणारा धडा पुरेसा तयार होतो काय, हे पाहावयास हवे. २०२३ साली युनेस्कोच्या अहवालाने शैक्षणिक यंत्रसामग्रीविषयी 'हे साधन कोणाच्या अटींवर?' असाच प्रश्न विचारला होता. नवागामपुरते त्याचे उत्तर कठीण नाही. मराठी शाळांतील शिक्षकांना ध्वनिमुद्रणाचे साधे साहित्य द्यावे, त्यासाठी वेळ द्यावा, पहिली-दुसरीच्या धड्यांत अहिराणीचे चार शब्द येऊ द्यावेत, आणि शाळा सुटल्यावर वर्गातील पडदा तासभर मुलांसाठी खुला ठेवावा.

घटनेच्या ३५० अ कलमातील 'पुरेशा सोयी' या शब्दांचा अर्थ काळाबरोबर वाढतो. १९५६ साली त्यात खडू-फळा होता. आज त्यात पडदाही आला आहे. नवागामच्या मुलाला तो पडदा आजीच्या ओळखीच्या आवाजात बोलताना ऐकू आला, तर कलमाचे पालन झाले असे म्हणता येईल.